सुख मोजता येते का?

वाचकहो, शून्य ते दहा पायऱ्यांची एक शिडी डोळ्यांपुढे आणा. सर्वांत वरची पायरी म्हणजे तुमच्या वाट्याला येऊ शकेल असे उत्तम आयुष्य, सर्वांत खालची म्हणजे अगदी वाईट. आज तुम्ही कोणत्या पायरीवर आहात? हॅडली कॅन्ट्रिल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली मांडलेली ही शिडी. २०१२ पासून निघणाऱ्या जागतिक आनंद अहवालात देशांचे क्रमांक याच उत्तरांवरून लावले जातात. २०१८ ते २०२५ अशी सलग आठ वर्षे फिनलंड पहिला आला.

प्रश्न सोपा, पण उत्तर म्हणजे नुसता आकडा. कोणी ‘पाच’ म्हणाले, तर त्यामागे तुटपुंजा पगार आहे, गुडघेदुखी आहे की घरातला अबोला, हे कसे कळणार?

भूतानने दुसरी वाट धरली. राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी १९७०च्या दशकात ‘सकल राष्ट्रीय सुख’ ही कल्पना मांडली. २००८च्या राज्यघटनेत तिला स्थान मिळाले. तेथील मोजणीत ९ क्षेत्रे आणि ३३ निर्देशक आहेत. झोप किती तास मिळते, शेजाऱ्यांवर विश्वास आहे का, रानटी जनावरे पिकाची नासधूस करतात का, असे सारे विचारले जाते. मला यातील एक गोष्ट फार आवडते. प्रत्येक बाबीला ‘पुरेसे’ म्हणून एक मर्यादा ठरवलेली आहे. तिच्यापलीकडे कितीही कमावले, तरी गुण वाढत नाहीत! ज्याला ६६ टक्के बाबतींत पुरेसे आहे, तो सुखी. उरलेल्यांना दुःखी म्हणत नाहीत, ‘अजून सुखी नाहीत’ असे म्हणतात आणि त्यांना नेमके काय कमी पडते ते शोधतात. २०१५च्या पाहणीत स्त्रिया पुरुषांच्या आणि खेडी शहरांच्या मागे असल्याचे दिसले. सुखी लोकांचे प्रमाण २०१० साली ४०.९ टक्के होते, २०२२ साली ते ४८.१ टक्के झाले.

मात्र कोणतीही पाहणी, जे समोर असतात त्यांनाच प्रश्न विचारते. १९९०च्या सुमारास भूतानमधील नेपाळी भाषक ल्होत्शाम्पा समाजाच्या सुमारे एक लाख लोकांना देश सोडावा लागला. पूर्व नेपाळमधील छावण्यांत त्यांची वर्षानुवर्षे गेली. २००७नंतर बहुतेकांना अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांनी आश्रय दिला. २०१०ची मोजणी झाली तेव्हा हजारो जण अजून छावण्यांतच होते. ४०.९ टक्क्यांच्या हिशेबात ते कोठेच नाहीत.