१ मेला घड्याळात ३१ तारीख का दिसते?



महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन आणि निकाल आटोपला, की तारीख दाखवणारं एखादं काट्यांचं घड्याळ मुलांच्या हातात द्या. सकाळी कोणी तारीख सरकवली नसेल, तर त्यात ३१ दिसेल. मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजून 'एप्रिलचे दिवस ३०' असं बिनचूक सांगणारी मुलं इथे थबकतात. घड्याळ चुकलं की आपण? हा प्रश्न त्यांना पडू द्या, लगेच उत्तर देऊ नका.

आत काय चालतं ते असं. तासकाटा दिवसातून दोन फेऱ्या मारतो. त्याच्याशी जोडलेलं एक चाक मात्र २४ तासांत एकच फेरी पूर्ण करतं. त्या चाकावरचं बोटासारखं टोक मध्यरात्रीच्या सुमारास तारखेच्या चकतीचा एक दाता पुढे ढकलतं. चकतीला दाते ३१. बस्स! महिना कोणता, हे यंत्राला कळायची सोयच नाही.

आता फळ्यावर गणित घ्या. ३१ × १२ = ३७२. वर्षाचे दिवस ३६५. फरक ७. म्हणजे वर्षभरात तारीख एकूण सात घरं हाताने पुढे न्यावी लागते: फेब्रुवारीनंतर तीन, आणि एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबरनंतर एकेक. लीप वर्षात किती, ते मुलांनाच काढू द्या.

पालकांसाठी एक सूचना. आपल्या नावड्यातले बरेच जण तळोजा एमआयडीसीत रात्रपाळी करतात. रात्री साधारण ९ ते ३ या वेळेत चावी ओढून तारीख बदलू नका. तेव्हा ते टोक दात्यात अडकलेलं असतं, दाता मोडू शकतो.

एचएमटीच्या वार दाखवणाऱ्या काही घड्याळांत चकतीवर वार हिंदी आणि इंग्रजी असे दोन्ही छापलेले असतात. घरात असं घड्याळ असेल तर मध्यरात्री वार बदलताना जरूर बघा, मजा येते.

महागड्या घड्याळांना मात्र महिना कळतो. पाटेक फिलिप कंपनीने १९९६ साली आणलेल्या वार्षिक कॅलेंडरच्या घड्याळाला ३० आणि ३१ चा फरक समजतो. फक्त १ मार्चला हात लावावा लागतो. त्याहून वरचं 'पर्पेच्युअल'. त्यात चार वर्षांत एक फेरी घेणारी, ४८ महिन्यांची तबकडी असते. जितका महिना लहान, तितकी खाच खोल. २८ दिवसांच्या फेब्रुवारीची सर्वांत खोल. एक कळ त्या खाचेत किती उतरते, त्यावर तारीख किती घरं उडी मारणार ते ठरतं.

उलट कॅसिओचं स्वस्त, लोकप्रिय एफ-९१डब्ल्यू! त्याला महिने कळतात, पण वर्ष भरायची सोय नाही. त्यामुळे फेब्रुवारी नेहमी २८ चाच. २९ फेब्रुवारी २०२८ ला ते १ तारीख दाखवेल.

आणि पर्पेच्युअलसुद्धा एकदा फसणार आहे. २१०० ला ४ ने भाग जातो, पण १०० नेही जातो आणि ४०० ने जात नाही, म्हणून ते लीप वर्ष नाही. तबकडी मात्र २९ फेब्रुवारी दाखवेल. आज पहिलीत असलेली आपली मुलं तेव्हा ऐंशीच्या आसपास असतील.