रक्त स्वच्छ म्हणून मेंढी निर्धोक नव्हे

मे २००३ मध्ये जर्मनीतल्या बाड झासेनडॉर्फ या गावी शेतकऱ्यांचा बाजार भरला होता. दुसऱ्या दिवशी तिथेच एक मेंढी व्याली, आणि पुढच्या काही आठवड्यांत त्या बाजाराशी जोडलेले क्यू ज्वराचे २९९ रुग्ण नोंदले गेले. त्यातल्या साधारण चौथ्या हिश्शाला रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. मेंढीला हात लावायचीही गरज नव्हती. तिच्या कठड्याशी काही क्षण थांबणंसुद्धा धोक्याचं ठरलं, असं तपासात आढळलं. या प्रसंगातून मी जे काढतो ते एवढंच: मेंढ्यांमध्ये खबरदारीची वेळ आजार दिसल्यावर येत नाही, ती विण्याच्या वेळी येते, मग रक्ताचा अहवाल काहीही असो.

असं ठामपणे म्हणण्याला आधार आहे. क्यू ज्वर ज्याच्यामुळे होतो तो कॉक्सिएला बर्नेटी हा जिवाणू गाभण मेंढीच्या वारेत वाढतो. बाधित वारेच्या एका ग्रॅममध्ये तो अब्जाच्या घरात असू शकतो, तर माणसाला बाधा व्हायला मोजके जिवाणूही पुरतात. व्याल्यानंतर योनिस्रावातून आणि लेंड्यांतून तो बाहेर पडत राहतो, वाळून मातीत महिनोन् महिने टिकतो आणि धुळीबरोबर उडतो. मेंढी मात्र बहुधा धडधाकट असते. फार तर गाभडते. रक्ततपासणी प्रतिपिंडं शोधते, म्हणजे शरीराची कधीतरी जिवाणूशी गाठ पडली होती का हे सांगते. आज जिवाणू बाहेर पडतो आहे का, ते तिला सांगता येत नाही. प्रतिपिंडं नसलेल्या मेंढ्यांच्या स्रावातही पीसीआर तपासणीत जिवाणू सापडले आहेत, आणि तेही कधी सापडतात, कधी नाही. एका दिवसाच्या एका नमुन्यावर कळप निर्दोष ठरवणं म्हणूनच मला पटत नाही.

जिवाणूचा जनुकीय प्रकार शोधणं ही प्रयोगशाळेची चैन आहे, असंही म्हटलं जातं; पण तसं नाही. नेदरलँड्समध्ये २००७ ते २०१० या काळात चार हजारांहून अधिक माणसांना क्यू ज्वर झाला आणि पन्नास हजारांहून जास्त शेळ्या मारल्या गेल्या. तिथे रुग्णांमध्ये आणि दुधाळ शेळ्यांमध्ये प्रामुख्याने जवळजवळ एकच जनुकीय प्रकार मिळाला. गायींच्या दुधात आढळणारा प्रकार वेगळा होता. जिवाणूंत ही विविधता आहे म्हणूनच स्रोत ओळखता येतो. नमुनाच नसेल तर बोट कुणाकडेही दाखवता येतं, आणि ते बहुधा गरीब मेंढपाळाकडेच दाखवलं जाईल.

‘पिढ्यान् पिढ्या मेंढ्या विताहेत, आम्हाला काही झालं नाही’ हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण बाधितांपैकी निम्म्यांना काही लक्षणंच नसतात आणि उरलेल्यांचा ताप फ्लू किंवा न्यूमोनिया म्हणून निघून जातो. हृदयाची झडप आधीच खराब असेल तर मात्र हाच जिवाणू तिथे ठाण मांडतो. धनगरांच्या भटकंतीत व्यायला वेगळा गोठा कुठून येणार, हेही खरं. तरी वारं पाठीशी घेऊन उभं राहता येतं, हातात साधी प्लॅस्टिकची पिशवी चढवता येते, वार कुत्र्याला न टाकता चुना घालून खोल पुरता येते. वाडा झाडण्याआधी पाणी शिंपडावं, दूध उकळूनच प्यावं. गरोदर बाईने आणि झडपेच्या रुग्णाने विणाऱ्या मेंढीपासून दूर राहावं. लागोपाठ मेंढ्या गाभडल्या तर पशुवैद्यकाला बोलावून वारेचा नमुना घ्यायला लावावा, कारण गाभडण्यामागे ब्रुसेला हा दुसरा जिवाणूही असू शकतो आणि तोही माणसाला बाधतो. आणि मेंढ्या व्याल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी घरात कुणाला ताप आला, तर डॉक्टरला ताप किती आहे हे सांगण्याबरोबरच मेंढ्या कधी व्याल्या तेही सांगावं.