कानशिलाचं हाड आणि तू

अगं, काल फोनवर तुझा आवाज ऐकूनच कळलं की टेम्पोरल बोनपाशी गाडी अडली आहे. फीमर, ह्युमरस झाले तेव्हा केवढ्या गप्पा मारत होतीस! कवटीचं हे हाड हातात आलं की भल्याभल्यांची तोंडं उतरतात. हाड तळहातावर मावतं आणि नावं पानभर. तू ती रात्री घोकतेस आणि सकाळी निम्मी विसरतेस, हो ना? मग ऐक माझं. हे हाड आधी स्वतःच्या डोक्यावर शोधायचं, मग एकेका नावाला एकेक माणूस जोडायचा. आपल्या नांदगावात अशा माणसांना तोटा नाही.

पहिलं म्हणजे हाड धरायला शीक. व्हायव्हाला परीक्षक ते पुढे सरकवतात आणि विचारतात, उजवं की डावं? पातळ पसरट भाग वर, गालाकडे जाणारा दांडा म्हणजे झायगोमॅटिक प्रोसेस पुढे, कानाचं भोक बाहेरच्या बाजूला. एवढं जुळलं की बाजू आपोआप कळते. घाबरून आधीच उत्तर फेकू नकोस. आधी धर, मग बोल.

आता पुस्तक मीट. कानशिलावर बोटं ठेव आणि दात आवळ. बोटांखाली फुगतो तो टेम्पोरॅलिस स्नायू, त्याच्याखाली स्क्वॅमस भाग. बोट कानाच्या अगदी पुढे आण आणि तोंड उघड-मीट कर. जबडा जिथे सरकतो ती मँडिब्युलर फॉसा. कानाच्या पाळीमागे टणक उंचवटा लागतो तो मॅस्टॉइड. मान वळवल्यावर ताठ होणारा स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड वर तिथेच चिकटलेला असतो. टिम्पॅनिक भाग कानाच्या नळीची पुढची भिंत आणि तळ सांभाळतो. स्टायलॉइड हाताला लागत नाही. साधारण अडीच सेंटिमीटरचा तो काटा तीन स्नायू आणि दोन लिगामेंट्स धरून आत असतो. राहिला पेट्रस, तो कवटीच्या तळाशी आडवा. झाले की नाही पाच भाग?

पेट्रसला मात्र जरा वेळ दे. शरीरातलं सगळ्यात घट्ट हाड हेच. त्याच्या पोटात ऐकण्याचा कॉक्लिया आणि तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. हाड इतकं घट्ट की हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांचा डीएनए शोधणारे संशोधक आधी याच्याकडे वळतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या प्रा. वसंत शिंदे यांच्या चमूने हरियाणात राखीगढीला उत्खनन केलं, ते तू ऐकलं असशील. तिथल्या साठावर नमुन्यांपैकी कामाचा डीएनए मिळाला तो एकाच स्त्रीच्या सांगाड्यातून. तो शोधनिबंध २०१९मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात आला. आपल्याकडच्या उष्ण हवेत डीएनए टिकणं मुश्कील, म्हणून त्या एका नमुन्याचं एवढं मोल.

आता नावांना माणसं जोडू. शेजारच्या घरातलं तान्हं बाळ घे. त्याच्या मधल्या कानातली हातोडी, ऐरण आणि जेमतेम तीन मिलिमीटरची रिकीब ही हाडं जन्मतःच मोठ्या माणसाएवढी असतात. मॅस्टॉइडचा उंचवटा मात्र नसतोच. तो दुसऱ्या वर्षाच्या सुमारास वर येऊ लागतो. त्यामुळे स्टायलोमॅस्टॉइड फोरामेनमधून बाहेर पडणारी फेशियल नर्व्ह तान्ह्या बाळात अगदी उघडी असते. चिमटा लावून झालेल्या बाळंतपणात तिच्यावर दाब आला, तर रडताना बाळाचा चेहरा एका बाजूला ओढला जातो. हे एकदा डोळ्यांपुढे आलं की त्या फोरामेनचं नाव विसरणार नाहीस.

पुढचं माणूस म्हणजे कान वाहणारं पोर. आपल्याकडे ‘कान वाहतोय’ हे सर्दी झाल्यासारखं सांगतात आणि वरून कोमट तेल सोडतात. मी ओपीडीत बसायला लागल्यापासून हे रोज ऐकते. तू आतली रचना आठव. मधल्या कानाचं छत म्हणजे टेग्मेन टिम्पनी, हाडाचा पातळ पापुद्रा, आणि लगेच वर मेंदू. मागे मॅस्टॉइड अँट्रम आणि हवेच्या पोकळ्या, त्यांच्या मागे सिग्मॉइड सायनस ही मोठी शीर. कोलेस्टिआटोमा, म्हणजे मधल्या कानात वाढणारा कातडीचा गोळा, झाला असेल तर तो हाडच कुरतडत जातो. म्हणून कानातून घाण वासाचा पू, कानामागे सूज, चक्कर किंवा तोंड वाकडं होणं, यातलं काहीही दिसलं की उद्यावर ढकलायचं नाही. आणि भोक असलेल्या पडद्यावर तेल कधीच नाही. आईला हे तू सांग. माझं ऐकून ऐकून ती कंटाळली आहे.

अँट्रम कुठे, हा व्हायव्हाचा आवडता प्रश्न. कानाच्या भोकाच्या वर-मागे छोटा त्रिकोण दिसतो, मॅकइवेनचा ट्रायँगल. मोठ्या माणसात त्याच्या आत १२ ते १५ मिलिमीटरवर अँट्रम असतो, जन्माच्या वेळी मात्र जेमतेम २ मिलिमीटरवर. सर्जन ड्रिल लावतात ते इथेच. कॉक्लियर इम्प्लांटची वाटही मॅस्टॉइडमधूनच जाते. आपल्याकडे ही शस्त्रक्रिया रुजवणाऱ्यांत मुंबईच्या डॉ. मिलिंद कीर्तने यांचं नाव मोठं. त्यांना २०१४मध्ये पद्मश्री मिळाली. गावात कुणाचं मूल हाकेला वळत नसेल, तर ‘उशिरा बोलेल’ म्हणून वाट बघू देऊ नकोस. ऐकण्याची तपासणी जितकी लवकर तितकं मुलाचं बोलणं वाचतं. वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३पासून याच कामात आहे.

शेवटचा माणूस आपला दादा, मनमाड रोडला हेल्मेट हँडलला लटकवून जाणारा. कानशिलाच्या जरा पुढे, चार हाडं जिथे भेटतात तो टेरिऑन. तिथे कवटी पातळ आणि आतून मिडल मेनिंजियल आर्टरी जाते. मार तिथे बसला आणि ती फाटली, तर माणूस कधीकधी उठून बसतो, बोलतो, ‘काही नाही झालं’ म्हणतो, आणि काही तासांत बेशुद्ध होतो. कानामागे काळंनिळं पडणं किंवा कानातून रक्त, पाण्यासारखा द्रव येणं हीसुद्धा हाड मोडल्याची खूण. २०१९च्या दुरुस्तीनंतर कायद्याने चार वर्षांवरच्या पोरालाही मोटरसायकलवर हेल्मेट लागतं, हे त्याला बजाव. टेरिऑनचं चित्र काढून दाखवलंस तर माझ्या ओरडण्यापेक्षा लवकर पटेल.

एक सांभाळ. सुट्टीत घरी गेलीस की सगळी आळी ‘डॉक्टरीणबाई आल्या’ म्हणत कान पुढे करेल. फर्स्ट इयरच्या ज्ञानावर कुणालाही थेंब सुचवू नकोस. कुठे दाखवायचं आणि किती लवकर, एवढंच सांग. तेवढं सांगायला तुझी अ‍ॅनाटॉमी पुरेशी आहे.

आणि व्हायव्हात नाव आठवलं नाही तर सरळ सांग, ‘सर, नाव आठवत नाही, जागा दाखवते.’ बोट बरोबर जागी असेल, तर पुढचा प्रश्न परीक्षक आपसूक सोपा करतात. जागा सापडेना, तर मात्र नाव पाठ असून काही उपयोग नाही. उद्या रात्री हाड हातात घेऊन फोन कर. मी विचारते, तू दाखव.