बोटीत बसण्यापूर्वी

मे महिना आला. मुलांना सुट्टी लागली. उलव्याची माणसे पाहुण्यांना घेऊन घारापुरी बघायला निघतात. कोणी रेल्वेने उरणला जातात. मोरा बंदरात लाँच धरतात आणि मुंबईला भाऊच्या धक्क्यावर उतरतात. पाण्यावरचा प्रवास मौजेचा खरा. पण चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट भरतीची. मोरा बंदरात गाळ फार. मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही. मग पोराबाळांना घेऊन उन्हात ताटकळावे लागते. म्हणून घरीच हिशेब करा. जी तिथी असेल तिची पाऊणपट करा. तितक्या वाजता पूर्ण भरती. समजा, आज चतुर्थी आहे. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे 3 वाजता भरती आणि दुपारीही 3 च्या सुमारास. त्यानंतर साधारण 6 तासांनी ओहोटी. हा अदमास झाला, थोडे मागेपुढे होते. तिथी दिनदर्शिकेत छापलेली असते. ती आता तुम्हांला वाचता येते.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. सकाळी समुद्र शांत असतो. दुपारी वारा सुटतो, लाटा उठतात. म्हणून सकाळीच निघा. पिण्याचे पाणी बरोबर घ्या. बंदरावर 3 नंबरचा बावटा लागला, तर घरी परता. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, हेही विसरू नका.

तिसरी गोष्ट आकड्याची. बोटीला किती उतारू घेण्याची परवानगी आहे, तो आकडा वाचा. दिसला नाही तर विचारा. बोट गच्च भरली असेल, तर पुढच्या बोटीने जा. 17 जुलै 1947 रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळात बुडाली. 600 हून अधिक माणसे गेली. लाट आली तेव्हा माणसे एका बाजूला धावली आणि बोट कलंडली, असे सांगतात. म्हणून बोट हलली तरी जागा सोडू नका.

चौथी गोष्ट जाकिटाची. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीला जाणाऱ्या बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. 15 जण दगावले. त्यानंतर तरंगते जाकीट घालणे सक्तीचे झाले. बोट सुटण्याआधीच ते अंगात घाला, पट्टे आवळा. लहान मुलांसाठी लहान जाकीट मागून घ्या. मागायला लाजू नका.

सांगा पाहू : अष्टमीला पूर्ण भरती किती वाजता?