केमोच्या आधी वार्धक्य मूल्यांकन: खर्च किती, सवलत कुठे

सत्तरीपुढच्या माणसाला कॅन्सर निघाला की घरात पहिला हिशेब केमोचा होतो. त्याआधी करायची एक तपासणी मात्र बहुतेकांना कोणी सांगतच नाही, आणि सगळ्या खर्चात स्वस्त तीच असते. तिचं नाव जेरियाट्रिक असेसमेंट, म्हणजे वार्धक्य मूल्यांकन.

तिला यंत्र लागत नाही. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. डॉक्टर सेकंद मोजतात. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगतात, घड्याळाचं चित्र काढायला लावतात आणि मग ते शब्द विचारतात. वजन किती उतरलं, मध्यंतरी कधी पडलात का, आंघोळ स्वतःची स्वतः करता का, घरी सोबतीला कोण असतं, हेही बघतात. खर्च मुख्यतः केसपेपर आणि डॉक्टरांच्या फीचा. मुंबईत टाटा मेमोरियलला यासाठी वेगळी ओपीडी आहे. तुमच्याकडे तशी सोय नसेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांनाच सांगा. चांगला फिजिशियनही यातलं बरंचसं करू शकतो.

जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्या. झोपेच्या, आयुर्वेदिक, शेजाऱ्यांनी दिलेल्यासुद्धा. एकच औषध दोन डॉक्टरांनी दोन नावांनी लिहिलेलं असतं, ते पिशवी टेबलावर रिकामी केल्यावरच कळतं.

अमेरिकेत सत्तरी गाठलेल्या ७१८ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२१ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. मूल्यांकनाचा अहवाल डॉक्टरांच्या हाती होता, तिथे उपचारांचे गंभीर दुष्परिणाम ५१ टक्के रुग्णांना झाले. नव्हता तिथे ७१ टक्के. सहा महिन्यांनी हयात असलेल्यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. अहवाल बघून डॉक्टर कधी केमोचा डोस कमी करतात. ‘डोस कमी केला म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली’ असं समजणाऱ्या नातेवाइकांनी हे जरूर वाचावं.

खरा पैसा जातो तो पडझडीत, पुन्हा भरती होण्यात आणि माणूस ठेवण्यात. मोठ्या शहरात ब्युरोची मावशी बारा तासांना हजाराच्या आगेमागे घेते. महिन्याचे तीस हजार होतात. त्यापेक्षा संडासात पकडायला दांडा बसवणं आणि फिजिओथेरपिस्टला चार वेळा घरी बोलावणं कितीतरी स्वस्त पडतं. हे आधी करा.

सत्तर पूर्ण झालेल्यांना, उत्पन्न कितीही असो, ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात. घरात आजी-आजोबा दोघं असतील तर रक्कम दोघांत मिळून. आधार कार्ड पुरतं. रुग्णालय योजनेत आहे का, हे आधी विचारा. भरती आणि डे-केअर केमो यात बसते. ओपीडीतलं मूल्यांकन, मावशी आणि प्रोटीन पावडर खिशातूनच.

प्रवासाचंही बघून ठेवा. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-एसीचं भाडं पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सूट. रुग्णालयाचा दाखला लागतो. पंचाहत्तरीपुढे एसटी मोफत. मुंबईत राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे.

वेदना, उलट्या, भूक न लागणं यांसाठी पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे. तिथे पैसे घेत नाहीत. ते फक्त शेवटच्या दिवसांसाठी नाही. केमो चालू असतानाही जाता येतं, आणि जावंच.