पदर, पागोटे आणि आवंढा : भावाविष्कारातील लिंगभेद

भावना मनात उद्भवते. ती शरीरावर कोणत्या खुणेने उमटावी, हे मात्र पुष्कळदा समाज ठरवितो. नाट्यशास्त्रात स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय असे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. त्या गणनेत स्त्री-पुरुष असा भेद नाही. मराठी वाक्प्रचारांत तो ठळक आहे.

काही भावांच्या बाबतीत हा भेद केवळ वस्त्रापुरता राहतो. याचना करताना स्त्री पदर पसरते, तर पुरुष पागोटे पायांवर ठेवतो. निर्धार व्यक्त करताना ती पदर खोचते, तो कंबर कसतो. संतापाच्या खुणांत मात्र दिशाच बदलते. पुरुष बाह्या सरसावतो, दंड थोपटतो. म्हणजे प्रतिपक्षावर चालून जातो. स्त्री नाक मुरडते, बोटे मोडते. तिचा राग तिच्याच देहावर उमटून थांबतो. शोकात याच्या उलट घडते. स्त्रीला गळा काढण्याची, पदर डोळ्यांना लावण्याची मुभा आहे. पुरुषाच्या वाट्याला येतो तो आवंढा गिळणे हा वाक्प्रचार. म्हणजे खूण लपविणे हीच त्याची खूण.

बार्शी तालुक्यातील वैरागच्या परिसरात मयताच्या घरी ही विभागणी जागेतही दिसते. आत बायका एकमेकींच्या गळ्यात पडून, मृताचे गुण आठवीत रडतात. बाहेर पुरुष खाली मान घालून मुकाट बसतात. यावरून बाहेरचे दुःख उणे ठरते काय?

मानसशास्त्रातील पुरावा तसे सांगत नाही. अ‍ॅन क्रिंग व अल्बर्ट गॉर्डन यांच्या 1998 मधील अभ्यासात भावोत्कट चित्रपट पाहताना स्त्रियांचा आविष्कार पुरुषांपेक्षा अधिक आढळला. परंतु स्वतःच्या अनुभवाविषयी दोघांनी सांगितलेल्या तीव्रतेत तसा फरक नव्हता. हावभाव शिकता येतात, याची साक्ष मराठी रंगभूमीनेही दिली आहे. 1916 च्या 'संगीत स्वयंवर'मध्ये रुक्मिणीची लज्जा आणि आर्तता बालगंधर्वांनी साकारली होती.

साहित्याच्या अभ्यासकाने यातून एक सावधगिरी घ्यावयास हवी. कथेतील रडणारी आई हळवी आणि न रडणारा बाप कठोर, हा निष्कर्ष पात्रांविषयी नसून खुणांच्या वाटपाविषयी असू शकतो. आईच्या मोडलेल्या बोटांतला संताप आणि बापाने गिळलेल्या आवंढ्यातला शोक वाचता आला, तरच ती दोन्ही पात्रे पुरती वाचली असे म्हणता येईल.