पटावरील नाव आणि वर्गातील मुलगी

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्याची निर्मिती झाली. त्यानंतर काही महिन्यांतच झालेल्या २००१ च्या जनगणनेत राज्यातील स्त्री-साक्षरता ५१.८५ टक्के नोंदली गेली. २०११ मध्ये ती ६०.२४ टक्क्यांवर पोहोचली. याच दशकात पुरुष-साक्षरता ७७.३८ वरून ८०.२७ टक्क्यांवर गेली. म्हणजे स्त्री-पुरुषांमधील अंतर साडेपंचवीस टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आले. हे अंतर घटण्यात मुलींच्या शाळाप्रवेशाचा वाटा मोठा आहे. तथापि प्रवेश आणि शिक्षण या दोन भिन्न गोष्टी होत. जूनमध्ये पटावर चढलेले नाव फेब्रुवारीतही वर्गात प्रत्यक्ष उपस्थित आहे काय, हा खरा प्रश्न असून राजधानी रायपूरमधील कन्याशिक्षणाच्या संदर्भात तो तपासून पाहण्याजोगा आहे.

रायपूरमध्ये मुलींच्या शिक्षणाची परंपरा राज्यापेक्षा कितीतरी जुनी आहे. मराठी मातृभाषा असलेले आणि हिंदी पत्रकारितेचे एक आद्य प्रवर्तक मानले जाणारे माधवराव सप्रे यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी येथे जानकीदेवी महिला पाठशाळा सुरू केली. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणाऱ्या या गृहस्थाला मुलींच्या शाळेची निकड वाटावी, यात नवल नाही. पुढील काळात या क्षेत्रात कॅथलिक संस्थांनी पाय रोवले. रायपूर हे चर्चच्या प्रशासनात १९७३ मध्ये स्वतंत्र क्षेत्र झाले, १९८४ मध्ये धर्मप्रांत आणि २००४ मध्ये महाधर्मप्रांत बनले. राज्याच्या लोकसंख्येत ख्रिस्ती समाजाचे प्रमाण २०११ मध्ये दोन टक्क्यांहून कमी होते. साहजिकच धर्मभगिनींनी चालविलेल्या शाळांमध्ये बहुसंख्य मुली अन्य धर्मांच्या असतात. येथील समुदायजीवनाचा विचार करताना ही वस्तुस्थिती दृष्टीआड करून चालत नाही.

सक्ती कोणावर?

परीक्षार्थींचा येथे हमखास गोंधळ होतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ यातील ‘सक्ती’ बालकावर नाही. कलम ८ मधील स्पष्टीकरणानुसार सहा ते चौदा वयोगटातील प्रत्येक बालकाचा प्रवेश, उपस्थिती आणि प्राथमिक शिक्षणाची पूर्तता यांची सुनिश्चिती करणे हे शासनाचे बंधन आहे. म्हणजे मुलगी वर्गात नसेल तर कायद्याच्या दृष्टीने पहिला जाब शासनाने द्यावयाचा आहे. पालकांचे कर्तव्य संविधानाच्या अनुच्छेद ५१क (ट) मध्ये येते. ते २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झाले. याच अधिनियमाच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस, तसेच मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे विहित केलेली आहेत.

माध्यमिक स्तरावर चित्र पालटते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेस बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असून गंभीर आजारासारख्या कारणांसाठी सूट मिळू शकते. येथे बंधन विद्यार्थिनीवर आहे. जी उपस्थिती आठवीपर्यंत हक्काची बाब होती, ती नववीपासून अट होते. आणि मुलींच्या गळतीचा धोका नेमका याच वळणावर वाढतो. घरातील धाकट्या भावंडांचा सांभाळ, आईच्या मोलमजुरीच्या वेळा, मासिक पाळीच्या काळातील गैरसोय, शाळेचे लांबलेले अंतर, विवाहाची बोलणी ही कारणे सर्वपरिचित आहेत. छत्तीसगडमध्ये त्यांत ऋतुमानाची भर पडते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्याचा आणि त्यापाठोपाठ तेंदूपत्ता तोडण्याचा हंगाम येतो. महासमुंद, बलौदाबाजार, जांजगीर-चांपा या भागांतून अनेक कुटुंबे सुगीनंतर वीटभट्ट्यांच्या कामासाठी परराज्यांत जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. अशा कुटुंबातील मुलीची अनुपस्थिती हा तिचा आळस नव्हे. शाळेचे वेळापत्रक आणि कुटुंबाचे पोट यांच्यातील तो विसंवाद आहे.

शासनाच्या योजना या कारणांपैकी एकेका कारणाला भिडतात. अंतरासाठी छत्तीसगडने २००४-०५ पासून सरस्वती सायकल योजनेतून नववीतील पात्र मुलींना सायकली दिल्या. बिहारमध्ये २००६ मध्ये सुरू झालेल्या तशाच योजनेच्या अभ्यासात, शाळा तीन किलोमीटरहून दूर असलेल्या गावांत सायकलीचा लाभ अधिक ठळक दिसला. निवासासाठी २००४ मध्ये कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय योजना आली. तीत ७५ टक्के जागा अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग व अल्पसंख्याक मुलींसाठी आणि उर्वरित जागा दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलींसाठी आहेत. २०१८ च्या समग्र शिक्षा अभियानात तिची व्याप्ती बारावीपर्यंत नेण्याचा मार्ग खुला झाला. भुकेसाठी मध्यान्ह भोजन आहे. शिजविलेले अन्न द्यावे हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २८ नोव्हेंबर २००१ चा. महाराष्ट्राने तर १९९२ पासून दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींना ७५ टक्के हजेरीच्या अटीवर दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता देऊ केला. एका रुपयाचे आर्थिक मूल्य काळाच्या ओघात नगण्य झाले. परंतु मुलीच्या प्रत्येक दिवसाला शासन मोजते, हा संकेत त्यामागे होता.

समुदाय म्हणजे काय?

सायकल मुलीला फाटकापर्यंत आणते. फाटकाच्या आत तिला थांबवून धरणारी गोष्ट निराळी असते. हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ बालकांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके पाठपुरावा केला. दारिद्र्य, कौटुंबिक कलह, पालकांचे आजारपण अशा अनेक प्रतिकूलता एकत्र वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले पुढे समर्थ प्रौढ झाली. त्यांच्या जीवनात किमान एका स्थिर, आपुलकीच्या प्रौढ व्यक्तीशी दृढ नाते आढळले. ती व्यक्ती आईवडीलच असावी असे नव्हते. आजी, शेजारीण, शिक्षिका यांपैकी कोणीही चालत असे. तात्पर्य, ज्याला विद्यार्थिनीचा चिवटपणा म्हणून गौरविले जाते, तो तिच्या एकटीच्या स्वभावाचा गुण क्वचितच असतो.

कॅथलिक कन्याशाळांच्या दिनक्रमात असे नाते जुळण्याच्या काही जागा परंपरेने आहेत. सकाळची प्रार्थनासभा, चार गटांत विभागलेल्या मुलींच्या स्पर्धा, मोठ्या वर्गातील मुलींकडे सोपविलेली जबाबदारी, वर्गशिक्षिकेची रोजची हजेरी या त्या जागा होत. बाहेरून पाहणाऱ्यास ही केवळ शिस्त वाटते. पण चार गटांपैकी एका गटाची मुलगी तीन दिवस आली नाही तर तिच्या मैत्रिणींना ते जाणवते. शिपायाने भरून ठेवलेल्या रकान्याला ते जाणवत नाही. अर्थात याच शिस्तीचा काच होऊन उशिरा पोहोचणारी मुलगी फाटकातूनच परत फिरली, तर हजेरीचा आग्रह हजेरीलाच मारक ठरतो. धार्मिक बाबतीत अनुच्छेद २८(३) स्पष्ट आहे: राज्यमान्य किंवा राज्यनिधीतून साहाय्य घेणाऱ्या शाळेत स्वतःच्या अथवा, अज्ञान असल्यास, पालकाच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणास वा उपासनेस उपस्थित राहण्याची सक्ती करता येत नाही. त्यामुळे ख्रिस्ती मुलींसाठी धर्मशिक्षण आणि इतरांसाठी मूल्यशिक्षण, अशी व्यवस्था अशा शाळांमध्ये रूढ आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे सर्व दुवे एकदम सुटले. छत्तीसगडने एप्रिल २०२० मध्ये ‘पढई तुंहर दुआर’ हा ऑनलाइन उपक्रम सुरू केला. मात्र दूरध्वनी आणि जालजोडणी नसलेल्या घरांचा प्रश्न उरलाच. म्हणून वस्त्यांमध्ये मोहल्ला वर्ग आणि काही ठिकाणी ध्वनिक्षेपकावरून पाठ असे उपाय करावे लागले. पडद्यावरची उपस्थिती मोजता आली, तरी वर्गातील सोबतीला पर्याय सापडला नाही.

पटावर कोण येते?

उच्च उपस्थितीबद्दल एखाद्या शाळेची प्रशंसा करण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा लागतो. ज्यांची उपस्थिती सर्वांत डळमळीत, त्या मुली तिच्या पटावर आहेत काय? शुल्क भरू शकणाऱ्या, वडिलांच्या वाहनातून येणाऱ्या मुलींची हजेरी ९५ टक्के असण्यात शाळेचे कर्तृत्व मर्यादितच म्हणावे लागेल. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १२(१)(ग) नुसार विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांना द्यावयाच्या असतात. मात्र ६ मे २०१४ रोजी ‘प्रमती’ प्रकरणात घटनापीठाने अनुच्छेद ३०(१) चा आधार घेऊन अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन्ही अल्पसंख्याक शाळांना हा अधिनियम लागू नाही असा निर्णय दिला. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार ख्रिस्ती संस्थांच्या शाळांतील सुमारे ७४ टक्के विद्यार्थी बिगरअल्पसंख्याक समाजांतील होते, तर सर्व अल्पसंख्याक शाळा मिळून आर्थिक-सामाजिकदृष्ट्या वंचित विद्यार्थ्यांचे प्रमाण ९ टक्क्यांहूनही कमी होते. अनुच्छेद ३० मधील अधिकार अल्पसंख्याकांच्या संस्कृतीच्या जपणुकीसाठी आहे आणि त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु त्याचा परिणाम म्हणून रस्त्यापलीकडच्या वस्तीतील मुलगी फाटकाबाहेर राहत असेल, तर त्याची चर्चा टाळता येणार नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने ‘प्रमती’ निर्णयाच्या यथार्थतेबद्दल शंका व्यक्त करून हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्याची शिफारस केली.

अल्पसंख्याक शाळेला स्वेच्छेने असे प्रवेश देण्यास कायद्याची आडकाठी नाही. कोलकात्यातील सियालदह येथील लोरेटो डे स्कूल या कॅथलिक कन्याशाळेत सिस्टर सिरिल मूनी १९७९ मध्ये मुख्याध्यापिका झाल्या. शुल्क न भरणाऱ्या मुलींची संख्या त्यांनी टप्प्याटप्प्याने जवळजवळ निम्म्यावर नेली. पुढे १९८० च्या दशकात रस्त्यावर राहणाऱ्या मुलींसाठी शाळेच्या गच्चीवर ‘रेनबो’ हा उपक्रम सुरू झाला. या मुलींना सवड मिळेल तेव्हा येता येई. नियमित वर्गांतील मुलीच त्यांना एकास एक अशा पद्धतीने शिकवीत. त्यामुळे आठवडाभर न आलेली मुलगी मागे पडली असे होत नसे. तिचा पाठ ती आल्यावर, जिथे थांबला होता तिथूनच पुढे चाले.